पारंबी : साक्षप्रत्ययांची वही

१७ नोव्हेंबर २०२४, रविवार

मी घडवायला घेतलेल्या भाषेचं नाव ठरलं, पारंबी. मिहीरने (माझा भाचा, इथेच इंजिनियरिंगला आहे) सुचवलेली बाकीची नावं खोकल्याच्या औषधांसारखी वाटत होती.

या उद्योगाचं मूळ ऑगस्टच्या पुरात आहे. ते आधी लिहून ठेवते. २८ ऑगस्टच्या पहाटे आमच्या कारेलीबागेतल्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये कमरेएवढं पाणी होतं, वीज नव्हती, माझ्या फोनमध्ये अकरा टक्के बॅटरी उरली होती. साडेपाचला सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज पडला : 'गेट पासे मगर छे.' विश्वामित्रीत मगरी आहेत हे बडोद्यातलं शेंबडं पोरही जाणतं, आणि पुरात त्या वस्तीत शिरतात हेही खरं. पण आमच्या गेटपाशी? मेसेज फॉरवर्डचा होता. टाकणाऱ्या भाईंना त्यांच्या साडूंनी पाठवलेला, आणि साडू राहतात मांजलपुरात. दुपारपर्यंत चौघांनी खाली 'हा, छे' लिहिलं. त्यातले तिघे मागच्या विंगेतले. त्यांच्या खिडकीतून गेट दिसतच नाही. दिवसभर कुणी जिना उतरलं नाही.

मराठीत एक 'म्हणे' पुरलं असतं. 'गेटपाशी मगर आहे म्हणे.' लगेच कळतं की बोलणाऱ्याने पाहिलेली नाही, कुणीतरी सांगितलंय. गुजरातीतही 'कहे छे' आहे, पण तो लावायची सक्ती कुठे आहे? आमच्या म्हणेचीही नाही. तेव्हा सक्ती असलेली भाषा करून पाहायची. क्रियापद पुरं व्हायच्या आत 'तुला हे कसं कळलं' याचं उत्तर त्याच्या शेपटीला बांधावंच लागेल, अशी. इंग्रजीत या शेपटीला एव्हिडेन्शियल म्हणतात. मी माझ्यापुरतं 'साक्षप्रत्यय' म्हणते.

पहिला आराखडा सरळ लादनवरून उचलला. सुझेट हेडन एल्जिन या भाषाशास्त्राच्या प्राध्यापिकेने १९८२ साली ही भाषा घडवायला घेतली. बायकांना जे जाणवतं ते बोलायला हाताशी असलेल्या भाषा पुरतात का, हे तिला तपासायचं होतं. लादनच्या प्रत्येक विधानाच्या शेवटी एक छोटा शब्द येतो. वा : मी स्वतः अनुभवलं. वी : हे उघडच आहे. वे : स्वप्नात दिसलं. वो : कल्पनेतलं आहे. मग एक 'मला काही पत्ता नाही' असं कबूल करणारा. आणि दोन असे, की अक्षरं तीच, फक्त सूर वेगळा : लांबवलेल्या 'वाआ'त पहिल्या स्वरावर चढ दिला तर 'ऐकलंय आणि सांगणाऱ्यावर विश्वास आहे', दुसऱ्यावर दिला तर 'ऐकलंय, पण सांगणाऱ्यावर विश्वास नाही'. 'जाऊबाई सांगत होत्या' हे एकच वाक्य दोन सुरांत ऐकलेल्या कुणालाही हे शिकवावं लागणार नाही.

२० नोव्हेंबर

मिहीरने क्लिंगॉनमधून (स्टार ट्रेकसाठी घडवलेली भाषा) तीन प्रत्यय आणले : 'बेज' म्हणजे नक्की, 'लॉ' म्हणजे बहुधा, 'बा' म्हणजे उघडच. भाषा मार्क ओक्रांड यांची. त्यांचा पीएच.डी.चा प्रबंध कॅलिफोर्नियातल्या म्युत्सुन भाषेच्या व्याकरणावर होता, म्हणजे माणूस कच्चा नव्हे. पण हे प्रत्यय माझ्या कामाचे नाहीत. ते खात्री सांगतात, उगम सांगत नाहीत. आई स्वतः पाहिलेल्या गोष्टीलाही 'बहुतेक' जोडते, कारण चष्मा नव्हता. आमची एक काकू तिसऱ्याकडून ऐकलेलं गळ्याची शपथ घेऊन सांगते. खात्री आणि उगम ही दोन वेगळी मापं आहेत. शेर आणि गज.

यादीतून तिन्ही कापले. मिहीर नाराज.

२४ नोव्हेंबर

आज तुयुका. कोलंबिया आणि ब्राझीलच्या सीमेवर, वाऊपेस नदीच्या खोऱ्यातली भाषा. जॅनेट बार्न्स यांनी १९८४ साली तिच्या साक्षप्रत्ययांवर लिहिलं आणि त्यांचं फुटबॉलचं उदाहरण तेव्हापासून जिथे तिथे भेटतं. 'तो फुटबॉल खेळला' हे तुयुकात पाच तऱ्हांनी म्हणतात. दीगा आपेवी : मी त्याला खेळताना पाहिलं. दीगा आपेती : पाहिलं नाही, पण आवाज ऐकला. आपेयी : मैदानावर त्याच्या बुटांचे ठसे दिसले. आपेयिगी : कुणीतरी सांगितलं. आपेहीयी : खेळला असणार, तसं धरून चाललो. पाचांपैकी एक निवडल्याशिवाय वाक्य होत नाही.

फुटबॉलचं राहू दे, आमच्या घरी काल दूध उतू गेलं. पारंबीत 'मिव' म्हणजे दूध, 'सारू' म्हणजे उतू जाणं.

मिव सारून : मी ओट्याशी उभी होते, डोळ्यांदेखत गेलं.
मिव सारूथू : मी हॉलमध्ये होते, चर्र आवाज आला आणि करपल्याचा वास.
मिव सारूगी : संध्याकाळी घरी आले तर बर्नरच्या भोवती तपकिरी कडं आणि फडकं पिळून वाळत घातलेलं.
मिव सारूळो : आईने फोनवर सांगितलं.
मिव सारूका : लक्ष ठेवायला मिहीरला सांगितलं होतं, त्यामुळे.

शेवटच्या वाक्यावर आक्षेप आला. नोंदवून ठेवते.

दुसऱ्या आणि तिसऱ्यातला फरक पाळायला मराठी माणसाला जड जातं, हे वाक्यं करताना लक्षात आलं. आपण वास आला तरी 'दूध उतू गेलं वाटतं' म्हणतो आणि डाग पाहिला तरी तेच म्हणतो. बडोद्याच्या मराठीत तर 'उतू गेलं लागतं'. आई असंच बोलते, गुजराती 'लागे छे'वरून, आणि तिला ते मराठीच वाटतं. नाक आणि तर्क एकाच पिशवीत. तुयुकात नाकाला वेगळी पिशवी आहे.

१ डिसेंबर

सक्ती की ऐच्छिक, यावर दोन तास. मिहीर लोज्बानच्या बाजूने. तीही घडवलेलीच भाषा. तिथे 'तिहे' (ऐकलंय), 'झाहा' (पाहतोय), 'झाहो' (यावरून असं निघतं), 'काहू' (आमच्यात हे सगळ्यांना माहीत असतं), 'पेही' (माझं मत) असे चिमुकले शब्द आहेत, वाक्यात हवे तिथे टाका, नको तर टाकू नका. सोय चांगली आहे. पण ऑगस्टमध्ये सोय होतीच की. कुणी वापरली नाही.

जगातल्या ४१८ भाषांची एक पाहणी आहे. त्यात २३७ भाषांत व्याकरणात मुरलेला कुठला ना कुठला साक्षप्रत्यय सापडतो, १८१ भाषांत नाही. २३७ मधल्या बहुतेक भाषा फक्त अप्रत्यक्षाला खूण करतात. 'मी पाहिलं'ला आणि 'मी पाहिलं नाही'ला अशा दोन्ही बाजूंना खुणा करणाऱ्या भाषा ७१. म्हणजे पारंबी अल्पसंख्याकांत जाणार. जाऊ दे.

सक्ती ठरली. मिहीरने स्क्रिप्ट लिहिली. वाक्य टाकलं की ती शब्दशः अर्थ काढून देते, आणि शेपटी नसेल तर पडद्यावर फक्त 'साक्ष?' एवढं छापून थांबते. पहिलीच गोष्ट घातली, 'आटपाट नगर होतं', आणि थांबली. कहाणीला साक्ष कोणाची? -ळो लावला. पुढची सगळी वाक्यं, राजा, आवडती, नावडती, -ळो, -ळो, -ळो. कानाला आजीच्या मांडीवर बसल्यासारखं वाटतं. ऐकीवाची खूण असलेल्या कित्येक भाषांत जुन्या कथा अशाच, खुणेच्या ठेक्यावर सांगतात.

८ डिसेंबर, रविवार

आज जे सापडलं त्यासाठी हा सगळा खटाटोप सार्थकी लागला.

सकाळी चहा घेताना आई म्हणाली, "मी रात्री झोपेत बडबडले म्हणे." मिहीर तिच्या खोलीत झोपतो, त्याने सांगितलं असणार. मी सवयीने वाक्य पारंबीत करायला घेतलं आणि अडखळले. कर्ता 'मी'. जिने केलं तीच सांगतेय. स्वतःच्या कृत्याला 'ऐकीव'ची शेपटी लागेल का? मिहीर म्हणाला, "मावशी, नियमात बसत नाही, काढून टाक." मी म्हटलं, आई बोलली ते मराठीत बसतं, मग काढायचं कसं?

तुर्कीत बसतं. तिथे भूतकाळ दोन : 'गेल्दी' म्हणजे आला, मला ठाऊक आहे. 'गेल्मिश' म्हणजे आला म्हणे, किंवा चपला दिसतायत म्हणजे आलेला दिसतो. ऐकीव आणि खुणेवरून, दोन्ही 'मिश'मध्ये. आणि हाच 'मिश' प्रथमपुरुषी लागला की : उयुमुशुम. माझा डोळा लागला होता की! बसमध्ये पेंगलात, जाग आली तर दोन थांबे मागे पडलेले, तेव्हाचं हे वाक्य. आपणच झोपलो, पण त्या वेळी आपण तिथे हजर नव्हतो.

आणि मग अण्णांच्या कपाटातलं महाभाष्य, पाणिनीच्या व्याकरणावरचं पतंजलीचं. पाणिनीचं सूत्र शाळेपासून डोक्यात आहे, 'परोक्षे लिट्', तिसऱ्या अध्यायाच्या दुसऱ्या पादातलं ११५वं. आजच्या आधी घडलेलं आणि बोलणाऱ्याच्या डोळ्याआडचं असेल तर लिट्, म्हणजे 'चकार', 'जगाम' वगैरे. शाळेत रूपं पाठ केली. हा साक्षप्रत्यय आहे हे कुणी सांगितलं नाही. बरं, डोळ्याआडचं असेल तर 'मी'चं रूप कधी वापरायचं? आपलं केलेलं आपल्याच डोळ्याआड कसं? याच शंकेला परंपरेने उदाहरण दिलंय :

सुप्तोऽहं किल विललाप.

मी झोपेत बडबडले म्हणे. शब्दाला शब्द. 'किल' म्हणजे म्हणे, 'विललाप' म्हणजे बडबडले. दुसरं उदाहरण झोपेऐवजी नशेचं आहे : मत्तोऽहं किल विललाप. आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मी नशेत नव्हते हं, तेवढं लिही." लिहिलं.

नियम बदलला : 'आन' (मी) सोबत -ळो आणि -गी चालतील. अर्थ, भान नसताना हातून घडलं.

१२ डिसेंबर

रजा टाकून घरी बसले, भाष्याचा तोच भाग पुढे. पतंजली विचारतो की परोक्ष म्हणायचं तरी कशाला, आणि मग लोकांची मतं मांडतो. कुणी म्हणतात, शंभर वर्षांपूर्वी घडलं ते परोक्ष. दुसरे म्हणतात हजार वर्षांपूर्वीचं. आणखी कुणी म्हणतात, भिंतीच्या किंवा चटईच्या आड घडलं तेही परोक्षच. आणखी कुणी, दोन-तीन दिवसांपूर्वीचं. हजार वर्षं ते एक चटई! आमच्या बेडरूमच्या भिंतीपलीकडे रोज रात्री दहाला जे भांडण होतं ते या हिशेबाने परोक्ष, पण त्यातला शब्दन् शब्द मला पाठ आहे. पारंबीत त्याला -थू. ही फोड इथे संस्कृतात नाही, तुयुकात आहे. पहिल्यांदा वाटलं, पाणिनीपेक्षा आपली भाषा बारीक झाली.

तेवढ्यात शाकटायन आला. भाष्यात त्याची लहानशी गोष्ट आहे. शाकटायन हा वैयाकरणी रस्त्याच्या कडेला बसला होता, समोरून गाड्यांचा तांडाच्या तांडा गेला, आणि याला पत्ता नाही. डोळे उघडे होते, गाड्या समोर होत्या. पण इंद्रियांना मन जोडलेलं असलं तरच कळतं, आणि मन तिथे नव्हतं. म्हणजे डोळ्यांसमोर घडलं तरी परोक्ष.

संध्याकाळी दूध परत उतू गेलं. मिहीर ओट्याला टेकून उभा, पातेल्यापासून हातभर अंतरावर, फोनमध्ये डोकं. मी किंचाळले तेव्हा त्याने वर पाहिलं आणि म्हणाला, "अरे, गेलं वाटतं." वाटतं! हातभरावर उभा राहून! आणि तो खोटं बोलत नव्हता.

आजपासून त्याचं नाव शाकटायन. -न ची व्याख्या बदलली : 'डोळ्यांसमोर घडलं' नाही, 'पाहिल्याचं भान होतं'.

५ जानेवारी २०२५

'ऑगस्टमध्ये विश्वामित्रीला पूर आला' याला काय लावायचं? आमच्या पार्किंगमधलं पाणी मी पाहिलं. नदी नाही पाहिली. पण 'पूर आला म्हणे' असं बडोद्यातला माणूस म्हणाला तर लोक वेड्यात काढतील.

पाणिनीच्या सूत्रांना वार्तिकं, म्हणजे पुरवण्या, जोडणाऱ्या कात्यायनाला ही अडचण पडली होती. त्याचं वार्तिक आहे : गोष्ट परोक्ष असली, पण लोकांत प्रसिद्ध असेल आणि बोलणाऱ्याला पाहता आली असती अशी असेल, तर लिट् नको, साधा भूतकाळ, लङ्, वापरा. पतंजलीचं उदाहरण : अरुणद् यवनः साकेतम्. यवनाने, म्हणजे ग्रीकाने, साकेताला, म्हणजे अयोध्येला, वेढा घातला. इतिहासवाले या वाक्यावरून पतंजलीचा काळ ठरवतात. कारण 'पाहता आली असती' म्हणजे त्याच्या हयातीतली गोष्ट. एका साक्षप्रत्ययावर एवढी इमारत!

त्या न्यायाने -मा : गावाला ठाऊक, मलाही पाहता आलं असतं. लोज्बानचा 'काहू' याच्या जवळचा. मिहीरवर लावलेला -का यातच विरघळवून टाकला. मिहीरचं दुधाकडे लक्ष नसतं हे आता गावाला ठाऊक आहेच.

१४ जानेवारी, उत्तरायण

गच्चीवर स्पीकर, उंधियो, बोटांना चिकटपट्ट्या. काम फक्त एक झालं, पण चांगलं झालं.

आई खाली घरात. वरून 'काट्यो छे, लपेट!' असा गलका झाला की ती खालून ओरडायची, "कुणाचा कापला?" या प्रश्नाला पारंबीत कुठली शेपटी? विचारणाऱ्याने काहीच पाहिलेलं नाही, तर तिची साक्ष कसली? दक्षिण अमेरिकेतल्या क्वेचुआत विधानाला तीन शेपट्या आहेत : पाराशान्मी, पाऊस पडतोय, मी पाहतोय. पाराशान्सी, पडतोय म्हणे. पाराशान्चा, पडत असेल. आणि हीच खूण प्रश्नाला लागली की साक्ष उलटते. विचारणाऱ्याची राहत नाही, ज्याला विचारलं त्याची होते. आईने -न लावून विचारलं तर अर्थ, 'तू पाहिलंस ना, मग सांग, कुणाचा कापला?' -ळो लावून विचारलं तर 'तुझ्या कानावर काय आलं?'

घेतलं. शाकटायनाने तीन पतंग कापल्याचा दावा केलाय. साक्ष : -न, त्याची एकट्याची.

२६ जानेवारी

सुटीचा दिवस म्हणेवर.

हे मूळचं अख्खं क्रियापद. 'तुका म्हणे' मध्ये ते अजून धडधाकट आहे. कर्ता आहे, तुका. तो बोलतोय, नाव सांगून बोलतोय. 'तो आला म्हणे' मध्ये कर्ता गळून गेला, म्हणणारा कोण ते कुणी विचारत नाही, आणि क्रियापद वाक्याच्या शेवटी गोटीसारखं घट्ट होऊन बसलंय. 'बोलणे'पासून ऐकीवाची खूण, ही वाट जगभर मळलेली आहे. ऐकीवाची अशी शेपूट शेजारीपाजारीही आहे : कन्नडात 'अंते', तेलुगूत 'अट', सिंहलीत 'लू', नेपाळीत 'रे'. नेपाळीत तर 'रहेछ' म्हणून आणखी एक आहे, आत्ताच ध्यानात आलेल्या, अनपेक्षित गोष्टीसाठी. तुर्कीचा 'मिश'ही तिथवर जातो. पारंबीचा -ळो मी आता 'लोवा' (सांगणं) या धातूवरून आला असं ठरवलंय. भाषेला खोटं का होईना, वय हवं.

पण खरी गंमत जागेची. 'पाणी येणार म्हणे' म्हणजे ऐकलंय बाई, बघू. 'म्हणे पाणी येणार!' म्हणजे कसलं येतंय. शब्द तेच, म्हणे उचलून पुढे ठेवलं की विश्वास उडाला. एल्जिनने सूर सरकवून जे केलं ते आपण शब्द सरकवून करतो, आणि व्याकरणाच्या तासाला याचा कुणी उच्चारही करत नाही. मला दुसरीत शिकवलं गेलं ते 'म्हणे हे बोलीतलं आहे, निबंधात वापरू नये.' म्हणजे निबंधात ऐकीव गोष्ट पाहिल्यासारखी लिहावी.

पारंबीतही केलं : -ळो क्रियापदावरून सोडवून वाक्याच्या तोंडी 'ळो' म्हणून ठेवला की अविश्वास.

एक धास्ती मात्र आहे. सक्तीच्या खुणा झिजतात. लिट् कुठे टिकला? रामायण-महाभारतात लिट्, लङ्, लुङ् एकमेकांच्या जागी सर्रास येतात, पाहिलं-न पाहिलं याचा हिशेब सुटलेला. रामायणाची चिकित्सक आवृत्ती याच गावातल्या प्राच्यविद्या मंदिराने १९६० ते १९७५ मध्ये काढली. तिचं कुठलंही पान उघडावं आणि भूतकाळाची रूपं मोजावीत. पुढे प्राकृतात तर लिट् जवळजवळ नाहीसाच झाला. आणि मग एक दिवस कुणीतरी वाक्याच्या शेवटी 'म्हणे' म्हणालं. पूर ओसरला की त्याच जागी परत गवत उगवतं तसं.

९ फेब्रुवारी

पारंबीला आठवडाभर हात लावला नाही. आईच्या पेन्शनच्या फरकाच्या कागदासाठी एका कार्यालयात तीन खेपा. खिडकीवरचे भाई तिन्ही वेळा म्हणाले, "फाइल आगळ गई छे." पुढे गेलीय. तिसऱ्या खेपेला मी विचारलं, तुम्ही जाताना पाहिली का? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्यांच्या आईवरून काही बोलले. फाइल त्यांच्याच मागच्या कपाटात निघाली.

-न? -गी? माझ्या मते -मा. त्या खिडकीत सगळ्या फायली पुढे गेलेल्याच असतात.

१६ फेब्रुवारी

स्वप्नाची शेपटी, लादनची 'वे', ठेवायची का? तारियाना भाषेत साध्या माणसाचं स्वप्न 'न पाहता जाणवलेलं' या खुणेने सांगतात, आणि मांत्रिकाचं भविष्य दाखवणारं स्वप्न 'पाहिलेलं' या खुणेने. वेगळ्या शेपटीची गरजच नाही, कुणाचं स्वप्न त्यावर ठरतं. आमच्या घरी मांत्रिक नाही. -थू. संपलं.

२३ फेब्रुवारी, रविवार

-ळो फोडावा लागतोय. दोन दिवस टाळलं, पण पर्याय नाही.

'आईने सांगितलं, दूध उतू गेलं' आणि 'गेटपाशी मगर आहे असं म्हणतात' या दोन्हीला एकच खूण कशी? पहिल्यात उठून आईला विचारता येतं. दुसऱ्यात कुणाला विचारणार? नैयायिकांनी, म्हणजे न्यायशास्त्राच्या पंडितांनी, ही फोड कधीच केलीय. प्रत्यक्ष, अनुमान, उपमान, शब्द ही त्यांची चार प्रमाणं, कळण्याची साधनं. शब्द म्हणजे आप्ताचं, विश्वासू माणसाचं सांगणं. आणि ज्याचा मूळ सांगणारा कोण हेच माहीत नाही, नुसतं 'असं म्हणतात' करत पिढ्यान् पिढ्या चालत आलंय, ते ऐतिह्य. ते वेगळं प्रमाण मानायचं की नाही यावर वाद. तर्कसंग्रह या न्यायाच्या ग्रंथावरच्या दीपिका या टीकेत अन्नंभट्टाने त्याचं उदाहरण दिलंय : इह वटे यक्षस्तिष्ठति. या वडावर यक्ष राहतो.

वडावर! मी हे बडोद्यात बसून वाचतेय. इ. स. ८१२च्या ताम्रपटात या गावाचं नाव वडपद्रक असं आहे. वडाचं गाव, आणि भाषेचं नाव मी पारंबी ठेवलंय, आणि उदाहरण वडावरच्या यक्षाचं. उठून कमाटीबागेत जाऊन आले. वडाखाली दोन म्हातारे आणि एक भेळवाला. यक्षाची चौकशी केली नाही.

तेव्हा : निका-हे सूल रेमाळो, वडावर यक्ष राहतो, अमक्याने मला सांगितलं आणि अमका कोण ते विचारलंस तर सांगेन. निका-हे सूल रेमाशे, वडावर यक्ष राहतो असं म्हणतात. -शे हा नवा. ऐकीव आणि नाव घेऊन उद्धृत अशा दोन वेगळ्या खुणा असलेल्या खऱ्या भाषाही आहेत, म्हणजे हे माझंच खूळ नव्हे. कहाण्यांचे सगळे -ळो बदलून -शे करावे लागले. शाकटायनाने स्क्रिप्टने एका झटक्यात केले, आणि त्या झटक्यात आईचं दूधही -शे झालं. ते हाताने परत दुरुस्त केलं.

एकूण सहा झाल्या : -न, -थू, -गी, -मा, -ळो, -शे. आता वाढवणे नाही.

२ मार्च, रविवार

शेवटची चाचणी. मिहीरने ग्रुपवरचे २६ ते २९ ऑगस्टचे मेसेज काढले, मी त्यातले तेवीस निवडले आणि आम्ही दोघं ते पारंबीत घालायला बसलो. 'पाणी तिसऱ्या पायरीवर आलं', फोटोसकट होता, -न. 'आजवा धरणाचं पाणी सोडलं', -मा. 'उद्या दूध येणार नाही', इथे अर्धा तास गेला. फॉरवर्डवाले बहुतेक सगळे -शे. सोपं होतं. मुळात त्यांच्यासाठीच -शे जन्माला आला.

सतरावा मेसेज, गेट पासे मगर छे. मी -शे टाइप केला.

आई दिवाणावर मटार सोलत होती. म्हणाली, "त्याला न लाव."

"का?"

"मी पाहिली ना."

चार वाजता तिला जाग आली होती. पाणी कुठवर आलं ते बघायला टॉर्च घेऊन बाल्कनीत गेली. गेटपाशी पाण्याला लागून दोन डोळे चमकले. लाल. टॉर्च हलवला तरी तिथेच.

"मग बोलली का नाहीस तू?"

"अंधारात एकटी उठले म्हणून तूच ओरडली असतीस. आणि सकाळी तुम्ही सगळे म्हणतच होतात की मगर आहे. समोरच्या बेननी बाल्कनीतून विचारलं तेव्हा त्यांना तेवढं सांगितलं होतं."

मिहीर म्हणाला, "आजी, तू डोळे पाहिलेस. मगर नाही पाहिलीस. गी."

"डोळे काय नुसते पाण्यावर ठेवले होते कुणी?"

"कुत्रा असेल पोहत."

"कुत्रा इतका वेळ गप्प बसतो?"

"चष्मा होता?"

"नव्हता."

मी काहीच न लावता एंटर दाबलं. पडद्यावर 'साक्ष?' येऊन थांबलंय. दोघांचं अजून चालू आहे, मटार तसेच पडलेत.